नालाकाठचा हरितमार्ग

शहरातल्या ओढ्याच्या किंवा नाल्याच्या काठांवर मोकळी पट्टी राखून तिथे झाडी, पायवाट आणि सायकल मार्ग केला, की त्याला नालाकाठचा हरितमार्ग म्हणतात. पाणी वाहून नेणे हे नाल्याचे पहिले काम. माणसांची वाट तिथे पाहुणी असते. म्हणून आधी सांडपाण्याचा बंदोबस्त, मग पुराची जागा आणि सगळ्यात शेवटी वाट, असा कामाचा क्रम असतो. तो उलटा केला, की काळ्या पाण्याच्या कडेला पेव्हर ब्लॉकची ओसाड पट्टी उरते आणि नाकाला रुमाल लावून तिथे कुणी फिरायला येत नाही.

हा क्रम सिंगापूरच्या कलांग नदीवर स्पष्ट दिसतो. 1977 ते 1987 अशी दहा वर्षे सिंगापूर नदी आणि कलांग खोऱ्याच्या सफाईतच गेली. काठावरच्या वस्त्यांना दुसरीकडे घरे दिली, वराहपालन आणि फेरीवाले हलवले, मैल्याच्या वाहिन्या टाकल्या. काठ सुशोभित करण्याचा कार्यक्रम तिथल्या जलसंस्थेने घेतला तो 2006 साली. याच नदीवरच्या बिशान–आंग मो किओ उद्यानातले काम 2009 मध्ये सुरू झाले आणि मार्च 2012 मध्ये 62 हेक्टरांचे उद्यान लोकांना खुले झाले. तिथला 2.7 किलोमीटर लांबीचा सरळ काँक्रीट कालवा फोडून 3.2 किलोमीटरचे वळणावळणाचे पात्र केले आहे. निघालेल्या काँक्रीटची उद्यानातच टेकडी रचली.

यातली खरी मेख रुंदीत आहे. जुना कालवा 17 ते 24 मीटर रुंद होता. नव्या पात्राला पुराच्या वेळी सुमारे 100 मीटरपर्यंत पसरायला जागा आहे. गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी सुसाट जाते, पण गवत, दगड आणि वळणे त्याला दोन-तीन पट जास्त अडवतात. तेवढेच पाणी सावकाश न्यायचे, तर पात्राचा आडवा छेद (रुंदी आणि खोली मिळून) मोठाच लागतो. नाल्याची रुंदी तीच ठेवून आत झाडी लावली, तर पाणी वर चढते आणि शेजारच्या सोसायटीच्या तळघरात शिरते.

काठ धरून ठेवायला बिशानच्या उद्यानात भिंती नाहीत. जिवंत फांद्यांच्या मोळ्या, तारेच्या जाळीत भरलेले दगड (गॅबियन), भूवस्त्रात (माती धरून पाणी झिरपू देणाऱ्या कापडात) गुंडाळलेली माती आणि त्यांतून उगवणारी झाडे असा तो काठ आहे. या पद्धती युरोपात रुळलेल्या होत्या, पण उष्ण, मुसळधार पावसाच्या प्रदेशात कोणती मुळे तग धरतील याचा अनुभव नव्हता. म्हणून आधी एका बाजूच्या नाल्यात 60 मीटर लांबीचा तुकडा घेऊन दहा पद्धती करून पाहिल्या आणि टिकतील त्याच नदीवर वापरल्या. सरींचे पाणी चढू लागले की काठावर दिवे लुकलुकतात, भोंगा वाजतो आणि माणसे वरच्या वाटेवर जातात. पाणमांजरांची कुटुंबेही आता या नदीत वावरतात. हीच जात गोव्याच्या खाड्यांतही आहे.

महाराष्ट्रात सुरुवात एप्रिल-मे महिन्यांत नाला पायी चालून करावी. पाऊस नसताना ज्या पाइपातून पाणी येते, ते बहुधा सांडपाणीच. फेस आणि साबणाचा वास असेल तर मोरीचे, काळे आणि उग्र असेल तर संडासाचे. असे प्रत्येक तोंड नकाशावर क्रमांकाने मांडायचे आणि काठालगत आडवी ड्रेनेज लाईन टाकून त्यात वळवायचे. वळणाच्या चेंबरमध्ये बुटका बांध असतो: रोजचे पाणी ड्रेनेजमध्ये जाते, पावसाचे लोंढे बांधावरून नाल्यात पडतात. प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी बिनपावसाचे सांडपाणी बांध ओलांडते, म्हणून दर आठवड्याला झाकण उघडून पाहावे लागते.

पुराची जागा कागदावर आधीच ठरलेली असते. नद्यांसाठी पाटबंधारे खाते 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखते. निळ्या रेषेच्या आत बाग आणि मैदान चालते, भराव मात्र नको. वाट कोरडी राहावी म्हणून मुरूम टाकून ती उचलली, तर तेवढे पाणी समोरच्या काठावर जाते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांची जी दैना केली, तिच्यामागे ओढ्याच्या आक्रसलेल्या जागेचाही वाटा होता.

म्हणून खालची वाट बुडणार हे धरूनच बांधतात. पेव्हर ब्लॉकखालची वाळू वाहून जाते आणि ब्लॉक उखडतात. डांबरही पाण्यात सुटते. झाडूच्या रेघा ओढून खरखरीत केलेले काँक्रीट टिकते. दुहेरी सायकल मार्ग किमान 3 मीटर, चालणाऱ्यांची वाट वेगळी, चढ शंभराला पाचपेक्षा कमी, पुलाखाली 2.5 मीटर मोकळी उंची. आडव्या नळ्यांच्या कठड्यात कचरा अडकून त्याचा बांध होतो, म्हणून बुडणाऱ्या भागात कठडा शक्यतो नसावा. दिव्यांच्या वायरचे जोड पूररेषेच्या वर घ्यावेत. मातीचा उतार उभ्या एकाला आडवे तीन इतपत सौम्य ठेवून त्यावर वाळ्याचे ठोंब 15 सेंटिमीटरवर ओळीने, पहिल्या पावसाला लावावेत. ऐन पावसाळ्यात लावलेले वाहून जातात. उंबर आणि करंज वाटेला चिकटून लावले, तर मुळे काँक्रीट उचलतात.

नालेसफाईला पोकलेन आत उतरतो, हे आराखड्यात हमखास विसरले जाते. त्याच्यासाठी आत जाणारा उतार आणि त्याचे वजन पेलणारा रस्ता नसेल, तर पहिल्याच उन्हाळ्यात सायकल मार्ग फुटतो. दुचाकीस्वारांचा प्रश्न याहून अवघड. खांबांमधले अंतर 1.2 मीटर ठेवले तर रिक्षा अडते, स्कूटर अडत नाही. स्कूटर अडेल असा अडसर घातला की व्हीलचेअरही अडते. जिथे काठच्या घरांनी मागचे दार नाल्याकडे उघडले आहे आणि संध्याकाळी माणसे बाहेर बसतात, तिथे स्कूटरवाला आपणच वळून जातो.