काल्पनिक गुन्हेगारी टोळ्यांचे नामकरण

कथा, कादंबरी, नाटक, वेब मालिका किंवा व्हिडिओ गेम यांसाठी रचलेल्या गुन्हेगारी टोळ्यांना पटण्याजोगी नावे देण्याची लेखनपद्धती. नाव किती भीतिदायक आहे हा या पद्धतीतील दुय्यम प्रश्न. ते नाव कोणी ठेवले असेल, हा पहिला. पोलीस, वर्तमानपत्रे, वस्तीतील माणसे आणि खुद्द टोळीतील पोरे एकाच टोळीला निरनिराळ्या नावांनी ओळखतात. ज्या कथेत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असते, तिथे वाचकाला लेखकाचा हात दिसू लागतो. या दृष्टीने पुण्याचा अभ्यास फार उपयोगी पडतो. पेठा आणि आळ्या, तालमी, गणेश मंडळे, पानशेतच्या पुरानंतरच्या वसाहती आणि महापालिकेत नव्याने आलेली गावे यांच्या नावे ठेवण्याच्या तऱ्हा अगदी वेगवेगळ्या आहेत, आणि त्या सगळ्या एकाच शहरात शेजारी शेजारी नांदतात.

नाव कोण ठेवते

कायद्याला टोळीच्या नावाची गरज नसते. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, म्हणजे बोलीतला ‘मोक्का’, दोन किंवा अधिक माणसांच्या गटालाही संघटित टोळी मानतो. दरोड्याच्या व्याख्येसाठी पाच माणसे लागतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ नुसार टोळी पांगवण्यासाठी तिच्या माणसांना हद्दपार करता येते, ज्याला सगळे ‘तडीपार’ म्हणतात. यांपैकी कोणत्याही कागदावर टोळीला स्वतःचे नाव असावे लागत नाही. म्हणून पोलिसी मजकुरात ‘टोळीप्रमुख अमुक उर्फ तमुक आणि त्याचे साथीदार’ अशी रचना येते. हा ‘उर्फ’ लेखकाच्या फार कामाचा आहे. पाळण्यातले नाव आणि चौकातले नाव तो एका ओळीत आणतो, आणि त्या माणसाचे अर्धे चरित्र त्या दोन नावांमधल्या अंतरात असते.

वर्तमानपत्राला मथळ्यात जागा कमी. तिथे प्रमुखाचे आडनाव किंवा टोपणनाव आणि पुढे ‘टोळी’ एवढेच उरते. कधी माणसाऐवजी हत्यार किंवा पद्धत नावात जाते. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. प्रत्यक्षात ती एक टोळी नव्हती. वेगवेगळ्या भागांत कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पोरांच्या गटांना बातम्यांनी ते एकच नाव दिले. ‘चड्डी-बनियन गँग’ हेही असेच बाहेरून चिकटलेले नाव, आणि ते तर अनेक राज्यांत चालते. मुंबईतील ‘डी-कंपनी’ हे नाव पोलीस आणि पत्रकार यांच्या वापरातून रूढ झाले. तिथल्याच एका टोळीला तिच्या तीन म्होरक्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीआरए’ म्हटले जाई. बाहेरून दिलेली अशी नावे कोरडी आणि आखूड असतात. त्यात कोणी स्वतःची फुशारकी मारलेली नसते, म्हणूनच ती खरी वाटतात.

वस्तीतील माणसे ‘टोळी’ हा शब्द क्वचितच उच्चारतात. ती ‘पोरे’ म्हणतात. अमक्याची पोरे, खालच्या आळीतली पोरे, कॅनॉलवरची पोरे. काल्पनिक टोळीचे सर्वांत विश्वासार्ह नाव बहुधा हेच असते, आणि नवे लेखक नेमके तेच टाळतात, कारण मुखपृष्ठावर ते दिमाखदार दिसत नाही. पण एखाद्या दुकानदाराने शटर अर्धे ओढत ‘पोरे आली होती’ एवढेच म्हटले, की वाचकाला पुढचे सांगावे लागत नाही.

टोळी स्वतःला काय म्हणवते, ही चौथी बाजू. इथे पुण्यातील सार्वजनिक जीवनाची भाषा जशीच्या तशी उतरते: मित्र मंडळ, मित्र परिवार, ग्रुप, प्रतिष्ठान, युवा मंच. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर प्रमुखाचे नाव ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ लावून येते आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे असतात. मंडळ आणि टोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातील असंख्य मंडळांनी गणेशोत्सव, रक्तदान आणि पुरातील मदतकार्य या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे सांभाळल्या आहेत. पण समाजात मान मिळवण्याची जी रीत समोर दिसते, तिचीच नक्कल टोळी करते. म्हणून काल्पनिक टोळीचे स्वतःचे नाव जितके निरुपद्रवी, तितके ते पटते. ‘मृत्युदल’, ‘काळा विंचू’, ‘लाल पंजा’ ही नावे भाषांतरित रहस्यकथांतून आल्यासारखी वाटतात आणि पुण्याच्या कोणत्याही चौकात ती हाक म्हणून मारता येत नाहीत. इंग्रजी शब्दांना मात्र मज्जाव नसावा. ‘किंग’, ‘रॉयल’, ‘बॉईज’, ‘ब्रदर्स’ हे शब्द आजच्या पोरांच्या तोंडी सहज असतात, आणि पुण्याच्या वाहन नोंदणीतला १२ किंवा पिंपरी-चिंचवडचा १४ हा आकडाही गटाच्या नावाला अभिमानाने जोडला जातो.

नावे ठेवण्यातले पुणेरी कसब

पुण्याने नावे ठेवण्याची कला देवांवरही आजमावली आहे. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती, सोट्या म्हसोबा. टोळ्यांची नावे रचणाऱ्याने या देवळांवरून एक पायी फेरी मारावी, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे. या नावांची घडण पाहावी: एक रोजचा, हाताला लागणारा शब्द, बहुतेकदा शेवटी ‘-या’, आणि मागे एखादी हकिगत. सदाशिव पेठेतील खुन्या मुरलीधराच्या नावाशी मंदिराजवळ झालेल्या रक्तपाताची कथा जोडलेली आहे. नाव उच्चारणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते असे मुळीच नाही. हकिगत विसरली गेली तरी नाव चालत राहते, आणि ऐकणाऱ्याला आत काहीतरी आहे एवढे जाणवते. काल्पनिक टोळीच्या नावाची कुळकथाही लेखकाने स्वतःपाशी पक्की ठेवावी, पण पहिल्या प्रकरणात सांगू नये. दोन पात्रांनी तिच्या दोन वेगळ्या कथा सांगितल्या तर फारच उत्तम, कारण पुण्यात कोणत्याही नावाची उपपत्ती वादाशिवाय सुटत नाही.

टोपणनावांनाही हेच लागू. पक्या, बाळ्या, पिंट्या ही घरगुती रूपे. काळ्या, टकल्या, चकण्या ही शरीरावरून पडलेली आणि बहुधा शाळेतच चिकटलेली. शिवाय धंद्यावरून पडणारी असतातच. हे नाव कोण उच्चारतो यावर त्याची धार ठरते. म्होरक्याला हाताखालची पोरे ‘दादा’ म्हणतील, हवालदार ‘-या’ लावून हाक मारील, आई पूर्ण नावाने बोलावील आणि विरोधक त्याचे शाळेतले टोपणनाव मुद्दाम वर काढील. संवादात हा फरक पाळला तर टोळीतील उतरंड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जागा आणि काळ

पेठेतील टोळीचे नाव आळी, वाडा, चौक किंवा तालमीवरून येणे स्वाभाविक आहे. जुन्या पुण्यात तालीम हा मोहल्ल्याचा कणा होता. गुरुजी तालीम, चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावे आजही सन्मानाने घेतली जातात, म्हणून खऱ्या तालमीचे नाव गुन्हेगारी कथेत ओढू नये. काल्पनिक तालमीला एखाद्या झाडाचे किंवा विहिरीचे नाव दिले तरी पुरते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे उखडली गेली. गोखलेनगरसारख्या वसाहती त्यानंतर वसल्या. नगर, वसाहत, कॉलनी, ‘पत्र्याच्या चाळी’ अशी नवी पत्त्यांची भाषा तिथे तयार झाली. सत्तरच्या दशकातील कथेत अशा वसाहतीतील गटाला ‘आळी’चे नाव दिले तर ते चुकेल. त्याला चाळीचा किंवा खोलीचा क्रमांक अधिक शोभेल.

उपनगरांची गोष्ट आणखी निराळी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्याआधीपासूनच जमिनीचे भाव गगनाला भिडले होते आणि ‘प्लॉटिंग’, ‘ताबा’, ‘एजंट’ हे शब्द गावांच्या बोलण्यात रुळले होते. इथे चौकापेक्षा भावकी मोठी. टोळीचे नाव वस्ती, मळा किंवा घराण्यावरून पडते, आणि तिचे कार्यालय बाहेरून जमीन खरेदी-विक्रीचे असते. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे नंतरच्या काळातील कथेत एकाच टोळीचे दोन आयुक्तालयांच्या नोंदींत दोन वेगळे उल्लेख दाखवता येतात. ही बारकाई वाचकाला सुखावते.

ऐतिहासिक कथेत खबरदारी वाढते. रविवार पेठ पूर्वी मलकापूर होती. त्या काळातील टोळीला ‘रविवारातली’ म्हणणे विसंगत ठरेल. नाव ठेवणारा कोण, हा प्रश्नही तिथे अधिक गंभीर होतो. १८७९ मध्ये पुण्यात खटला चाललेल्या वासुदेव बळवंत फडके यांना ब्रिटिश सरकारने दरोडेखोर ठरवले, तर लोकांनी त्यांना देशभक्त मानले. ‘दरोडेखोरांची टोळी’ आणि ‘बंडवाले’ हे दोन्ही शब्द एकाच गटाला लागू शकतात. लेखकाने कोणत्या पात्राच्या तोंडी कोणता घालायचा ते विचारपूर्वक ठरवावे.

आडनाव आणि जात

महाराष्ट्रात आडनाव गाव सांगते आणि पुष्कळदा जातही सुचवते. टोळीला आडनावाचे नाव दिले की लेखकाच्या मनात नसतानाही एक समाज कठड्यात उभा राहतो. याहून वाईट म्हणजे जमातीचे नावच टोळीला देणे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण विमुक्त जमातींतील माणसांना त्या शिक्क्याची झळ आजही बसते. काल्पनिक टोळीला अशा जमातीचे नाव देण्यास कोणतीही कलात्मक सबब पुरी पडत नाही. ते करू नये. वाट सोपी आहे: टोपणनाव, बसण्याची जागा किंवा धंदा यांवरून नाव घडवावे. आडनाव हवेच असेल तर अस्तित्वात नसलेल्या गावाला ‘-कर’ जोडून ते रचावे.

एक उदाहरण

समजा, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर काही तरुण रोज बसतात. त्यांचा म्होरक्या विलास, त्याच्या भुऱ्या केसांमुळे भुऱ्या. वस्ती त्यांना ‘गिरणीवरची पोरे’ म्हणते. फिर्यादीत ‘विलास उर्फ भुऱ्या आणि त्याचे साथीदार’ येते, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘भुऱ्या टोळी’. फ्लेक्सवर ‘विलासदादा मित्र परिवार’ झळकतो, कारण भुऱ्या हे नाव फ्लेक्सवर चालत नाही. पोरांच्या मोबाईलमधल्या गटाचे नाव ‘रॉयल गिरणी १२’. पलीकडच्या चौकातले त्यांना ‘पीठवाले’ म्हणून हिणवतात, आणि पहिली मारामारी नेमकी त्या शब्दावरून होते. सगळी नावे एका ओट्यावरून निघाली, तरी प्रत्येक उच्चारात बोलणाऱ्याची बाजू कळते. पुढे कथेत कोणी पोलिसासमोर चुकून ‘विलासदादा’ म्हणाला, तर तो कोणाचा माणूस आहे हे एका शब्दात उघड होते.

म्होरक्या गेल्यावर

प्रमुखाच्या नावाची टोळी प्रमुखाबरोबर संपतेच असे नाही. कार्लो गँबिनो १९७६ मध्ये वारला, तरी न्यूयॉर्कमधील त्या माफिया कुटुंबाचे नाव गँबिनोच राहिले. जपानमधील यामागुची-गुमी ही टोळी १९१५ मध्ये कोबे येथे हारुकिची यामागुचीने उभी केली आणि एका शतकानंतरही ती त्याच नावाने ओळखली जाते. काल्पनिक टोळीत फूट पडते तेव्हा नाव कोणाकडे जाते, हा कथेतील मोठा संघर्ष होऊ शकतो. भुऱ्याचा भाऊ फ्लेक्सवरचे नाव चालवील, पण ओट्यावर बसणारा जुना साथीदार ‘गिरणीवरची पोरे’ हे नाव आपल्याकडे ओढील. वर्तमानपत्र मात्र काही काळ दोघांनाही भुऱ्या टोळीच म्हणेल.

पडताळणी

रचलेले नाव खऱ्या मंडळाशी, संस्थेशी किंवा टोळीशी जुळत नाही ना, हे प्रकाशनापूर्वी पाहणे आवश्यक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील बदनामीच्या तरतुदीत कंपनी, संघटना किंवा व्यक्तिसमूह यांची बदनामीही येते. नोंदणीकृत मंडळांची नावे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदींत तपासता येतात. त्याबरोबर स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक आणि त्या भागात राहणाऱ्या दोन-तीन माणसांचा कानही उपयोगी पडतो. साम्य आढळले तर टोपणनाव बदलण्याआधी चौक किंवा वस्ती बदलावी, कारण खऱ्या माणसाशी आणि खऱ्या मंडळाशी ओळख बहुतेक वेळा जागेमुळेच पटते.