केऑटिक लेसरचे सिम्युलेशन

केऑटिक लेसरची तीव्रता निव्वळ यादृच्छिक वाटावी अशी वरखाली होते, पण त्यामागची समीकरणे निश्चित असतात. ती संगणकावर सोडवून लेसरचे वर्तन पाहणे म्हणजे हे सिम्युलेशन. लेसरची मूलभूत समीकरणे आणि हवेच्या अभिसरणावरून निघालेली हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ यांची १९६३ ची समीकरणे एकाच रूपाची आहेत, हे भौतिकशास्त्रज्ञ हेरमान हाकेन यांनी १९७५ मध्ये दाखवले. नेहमीच्या वापरातला अर्धवाहक लेसर मात्र सहसा आपणहून बिथरत नाही. त्याला डिवचावे लागते, आणि त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याचाच थोडा प्रकाश आरशावरून त्याच्याकडे परत पाठवणे.

भिंगांची रचना करणारे, किरणांचा माग काढणारे सॉफ्टवेअर इथे कामाचे नाही. त्यात काळ हे चलच नसते. लागते ते काळानुसार संकेत पुढे नेणारे सॉफ्टवेअर. त्यातही संपूर्ण संकेत एकगठ्ठा पुढच्या घटकाकडे देणारी पद्धत फीडबॅकच्या, म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशाच्या, वळशात अडते. नमुन्यामागून नमुना, म्हणजे एका क्षणाच्या मूल्यानंतर पुढच्या क्षणाचे, अशीच गणना हवी.

अशा आरसा लावलेल्या लेसरसाठीच्या १९८० च्या लँग-कोबायाशी प्रारूपात प्रकाशक्षेत्र आणि विद्युत्भार वाहकांची संख्या यांची समीकरणे असतात आणि क्षेत्राच्या समीकरणात विलंबित पद, म्हणजे आरशावरून उशिरा परतलेल्या प्रकाशाचे पद, असते. आरसा १५ सेंटिमीटरवर असेल तर हवेतून प्रकाश साधारण १ नॅनोसेकंदाने परततो. गणनेची पायरी १ पिकोसेकंद धरली, तर मागची हजार मूल्ये सतत जवळ बाळगावी लागतात. समीकरणे पायरीपायरीने सोडवण्याच्या रुंगे-कुट्टा पद्धतीत अर्ध्या पायरीवरचे विलंबित मूल्यही लागते; ते अंतर्वेशनाने, म्हणजे शेजारच्या मूल्यांवरून अंदाजाने, काढायचे सोडून जुनेच वापरले, तर अचूकता गुपचूप घसरते.

नवख्याला चकवते ते वेगळेच. पायरी थोडी बदलली की आलेख काही काळाने पूर्ण वेगळा निघतो, आणि आपलेच काही चुकले असे वाटते. चुकलेले नसते, सुरुवातीचा सूक्ष्म फरक घातांकी वेगाने वाढणे हाच केऑसचा स्वभाव. म्हणून आरंभीचा अस्थिर भाग टाकून उरलेल्याचा वर्णपट, तीव्रतेचे वितरण आणि ल्यापुनोव्ह घातांक (सूक्ष्म फरक किती वेगाने वाढतो याचे माप) ताडून पाहावेत. ते पायरी बारीक करूनही हलत असतील, तेव्हा मात्र शंका घ्यावी.

अशा लेसरांच्या जोडीने २००५ मध्ये अथेन्समधील १२० किलोमीटर फायबरवर केऑसमध्ये दडवलेला संदेश पाठवला गेला. दडवण्यातला एक कच्चा दुवा सिम्युलेशनमध्येही दिसतो: तीव्रतेचा स्वसहसंबंध, म्हणजे तिचे स्वतःच्याच मागच्या मूल्यांशी असलेले साम्य, काढला की बहुधा विलंबाच्या जागी शिखर उभे राहते, आणि आरसा किती दूर आहे हे चोरून ऐकणाऱ्यालाही कळते.