खोक्यावरचे व्होल्ट आणि खोक्यातले सेल

बॅटरीवर चालणारी गोल करवत घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास व्होल्टचा येतो. १८ ची घ्यावी, २० ची की २१ ची? ऑनलाइन दुकानांत तर हल्ली ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, अगदी १२८ व्हीएफ असंही छापलेलं दिसतं आणि घेणारा साहजिकच मोठ्या आकड्याकडे वळतो. हातावर पोट असलेल्या सुताराचे पैसे नुसत्या छापील आकड्यापायी जावेत, हे वाईट आहे. म्हणून मशीनच्या आधी हा आकडाच तपासून पाहू.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो. काम करताना तो बराच वेळ ३.६ च्या आसपास राहतो आणि ३ च्या खाली उतरला की संपत आला असं समजायचं. करवतीच्या नेहमीच्या बॅटरीत असे ५ सेल एकसर जोडणीत असतात. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८, पाच गुणिले ४ म्हणजे २० आणि पाच गुणिले ४.२ म्हणजे २१. तिन्ही आकडे एकाच बॅटरीचे आहेत. डिवॉल्ट कंपनी अमेरिकेत जिला '२० व्होल्ट मॅक्स' म्हणते, तीच बॅटरी युरोपात १८ व्होल्टची म्हणून विकली जाते. आणि 'व्हीएफ'? ती बॅटरी पूर्ण चार्ज करून मल्टिमीटरची टोकं तिच्या अधिक-उणे पट्ट्यांना लावा. २१ च्या जवळपासचा आकडा दिसला, तर आत तेच पाच सेल आहेत आणि पुढचं अक्षर निव्वळ फसवणुकीचं आहे.

मग दोन '१८ व्होल्ट' बॅटऱ्यांमध्ये फरक कशाचा? आत सेलची एकच रांग आहे की दोन, याचा. करवत घेताना माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि त्यामागचं विज्ञान दहावीच्या पुस्तकातलं आहे.

प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. जोरकस कामासाठी बनवलेल्या चांगल्या सेलचा तो साधारण ०.०२ ओहम धरू. एका रांगेत पाच सेल, म्हणजे ०.१ ओहम. ड्रिल मशीन स्क्रू पिळताना १० अँपिअर घेत असेल तर ओहमच्या नियमाप्रमाणे एकच व्होल्ट बॅटरीच्या पोटात जिरतो, जाणवतही नाही. करवतीचं तसं नाही. दोन इंची सागाची फळी उभी चिरताना ४० अँपिअर सहज लागतात. आता ४ व्होल्ट आतच गेले. २० व्होल्टची ताजी बॅटरी मोटारीला १६ च देते. हेच सेल दोन समांतर रांगांत, म्हणजे एकूण दहा असतील, तर रोध निम्मा होतो, घट २ व्होल्टची होते आणि मोटारीला १८ मिळतात. ६४० वॉट विरुद्ध ७२० वॉट. हा फरक दिसायला फार मोठा नाही. खरा फरक उष्णतेत आहे.

ज्यूलचा नियम आठवा: उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका रांगेत प्रत्येक सेलमधून पूर्ण ४० अँपिअर जातात. ४० चा वर्ग गुणिले ०.०२, म्हणजे प्रत्येक सेलमध्ये ३२ वॉट उष्णता. दोन रांगांत प्रत्येक सेलच्या वाट्याला २० अँपिअर येतात, आणि उष्णता फक्त ८ वॉट. धारा निम्मी, ताप पाव! १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा नेहमीचा सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. त्याची विशिष्ट उष्मा धारकता पाण्याच्या जेमतेम पाव. हिशोब केला तर ३२ वॉटला सेल दर सेकंदाला सुमारे ०.७ अंशाने तापतो, ८ वॉटला ०.१८ अंशाने.

आता हे अकोल्याच्या मे महिन्यात नेऊन ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी आधीच ४२ अंशांवर आहे. बऱ्याच बॅटऱ्यांचं संरक्षक सर्किट ६० ते ७० अंशांच्या दरम्यान मशीन बंद पाडतं. ७० धरले तरी एका रांगेची बॅटरी ४० सेकंदांत तिथे पोहोचते. मिनिटाला दीड मीटर वेगाने तेवढ्या वेळात एक मीटर चिरून होतो. आठ फुटी फळी अर्धीही होत नाही आणि मशीन गप्प बसतं. दोन रांगांच्या बॅटरीला तिथे पोहोचायला अडीच मिनिटं लागतात, तोवर फळी चिरून बाजूला ठेवलेली असते. 'बॅटरी खराब निघाली' अशा तक्रारी येतात, त्यातल्या कितीतरी ठिकाणी बॅटरी खराब नसते, तिला सेल कमी असतात.

यात आणखी एक दुष्टचक्र आहे. फिरणारी मोटार त्याच वेळी जनित्रही असते: तिच्या गुंडाळीत बॅटरीच्या विरुद्ध दिशेचं विभवांतर तयार होतं, आणि मोटार जितकी वेगात फिरते तितकं ते जास्त असतं. बॅटरीचे व्होल्ट वजा हे उलटे व्होल्ट, भागिले सर्किटचा रोध, एवढीच धारा वाहते. मोकळी फिरताना वजाबाकी जवळपास शून्य असते, म्हणून धारा थोडी लागते. तुम्ही जोराने रेटलं की वेग उतरतो, उलटे व्होल्ट कमी होतात, धारा उसळते. धारा वाढली की बॅटरीचे व्होल्ट आणखी पडतात, आणि त्यामुळे वेगही आणखी पडतो. म्हणून मशीनचा आवाज उतरून घरघर सुरू झाली की दाबायचं नसतं, हात किंचित मागे घेऊन वेग परत चढू द्यायचा असतो. धारा वाढते ती त्या घरघरीच्या दोन-तीन सेकंदांत.

खरोखरच जास्त व्होल्टच्या बॅटरीचा मग उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. डिवॉल्टच्या २०१६ साली आलेल्या फ्लेक्सव्होल्ट बॅटरीत १५ सेल असतात. १८ व्होल्टच्या मशीनवर ते पाच-पाचच्या तीन समांतर रांगा होतात आणि मोठ्या मशीनवर एकसर जोडले जाऊन ५४ व्होल्ट देतात. तेवढीच शक्ती काढताना प्रत्येक सेलमधून दोन्ही वेळा तेवढीच धारा जाते, म्हणून सेल तेवढेच तापतात. बदलते ती बाहेरची धारा. ती एक तृतीयांश होते, म्हणून तारा, टर्मिनल आणि मोटार चालवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच यांचा रोध तोच धरला तर त्यांतला ताप एक नवमांशावर येतो. म्हणजे सेल किती थंड राहतील हे त्यांच्या संख्येवर ठरतं, व्होल्टवर नाही.

दुकानात बॅटरी फोडून बघता येत नाही, पण काट्यावर ठेवता येते. ५ अँपिअर-तासांची १८ व्होल्टची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास ऊर्जा. आजचा चांगला सेल किलोमागे साधारण २५० वॉट-तास धरतो. म्हणजे नुसते सेलच ३६० ग्रॅमचे झाले, वर प्लास्टिक, पट्ट्या आणि सर्किट. नावाजलेल्या कंपन्यांच्या दहा सेलांच्या अशा बॅटऱ्या ६०० ग्रॅमच्या पुढे भरतात. कोणी साडेतीनशे ग्रॅमची बॅटरी ५ अँपिअर-तासांची म्हणून देत असेल, तर ती परत करा.

नवी बॅटरी पहिल्यांदा बारा तास चार्ज करायची, पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, हे नियम निकेल-कॅडमियमच्या काळातले आहेत. लिथियमच्या बॅटरीला त्यांचा फायदा नाही, उलट पूर्ण रिकामी करण्याने तिचं आयुष्य घटतं. तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, महिनाभर काम नसेल तर अर्धवट चार्ज ठेवून सावलीत ठेवा. खंडेनवमीला अवजारांची पूजा जरूर करा, ती कामाबद्दलची कृतज्ञता आहे. फक्त हळद-कुंकू टर्मिनलच्या खाचेत जाऊ देऊ नका. पट्ट्यांमध्ये अडकलेली पूड म्हणजे वाढलेला रोध, आणि ४० अँपिअरला तेवढंही प्लास्टिक वितळवायला पुरतं.

मोटारीबद्दल थोडक्यात. ब्रशलेस घ्या. घरच्या बीएलडीसी पंख्याचंच हे तत्त्व: कार्बनचे तुकडे घासत नाहीत, इलेक्ट्रॉनिक सर्किट गुंडाळ्यांमधली धारा वेळेवर बदलतं. मकिता कंपनीच्या दोन करवती शेजारी ठेवल्या की फरक कळतो. डीएसएस ६११ ब्रशची, मिनिटाला ३७०० फेरे. डीएचएस ६८० ब्रशलेस, ५००० फेरे. दोन्हींना १६५ मिलिमीटरचंच पातं, काटकोनात दोन्ही ५७ मिलिमीटर खोल कापतात. पण दात्यांचा वेग पहिलीत सेकंदाला ३२ मीटर, दुसरीत ४३. तोच प्लाय, तोच हाताचा वेग, पण दुसरीत प्रत्येक दात्याला कमी लाकूड उचलावं लागतं आणि कड स्वच्छ येते.

पात्याकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. १९ मिलिमीटरच्या आठ फुटी प्लायवर उभा काप घेतला, तर २.६ मिलिमीटर जाडीचं पातं १२० घनसेंटिमीटर लाकडाचा भुसा करतं, १.६ मिलिमीटरचं ७४. जो भुसा केलाच नाही त्याची ऊर्जा बॅटरीत शिल्लक राहते. म्हणून वायरच्या मशीनचं जाड पातं बॅटरीच्या करवतीला लावू नका. दात्यांचंही गणित आहे. २४ दाती पातं ५००० फेऱ्यांना मिनिटाला तीन मीटर सरकवलं, तर प्रत्येक दाता ०.०२५ मिलिमीटर लाकूड काढतो. ६० दाती पात्यात हेच ०.०१ होतं. एवढं कमी मिळालं की दाता कापत नाही, घासतो. प्लायमधला गोंद तापतो, पात्याला काळा थर चढतो आणि धारा वाढते. घाईच्या आणि उभ्या कापाला २४, प्लायला ४०, सनमायका लावलेल्या फळीला ६० आणि तेही हळू. या करवतीचा दाता खालून वर येतो, कपच्या वरच्या बाजूला उडतात. म्हणून सनमायकाची बाजू खाली ठेवायची आणि पातं फळीच्या खाली पाचेक मिलिमीटरच दिसेल इतकं लावायचं.

चार इंची मार्बल कटरला लाकडाचं दात्यांचं पातं लावून प्लाय कापणारे लोक गावोगाव दिसतात, त्यांना कळकळीने सांगायचं आहे की हे थांबवा. मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे फिरतो आणि पात्यावर खालून झाकण बसत नाही. काप मिटून पातं अडकलं की मशीन सरळ अंगावर उसळतं. करवतीचं खालचं झाकण स्प्रिंगने आपोआप बंद होतं, तेवढ्यासाठीच ते आहे. साइटवर जमिनीवर कापताना फळीखाली दोन रिपर (लाकडी पट्ट्या) पुरत नाहीत, चार घ्या, कापाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन. मग तुकडा मध्ये खचत नाही आणि पातं चिमटत नाही.

आता कोणती घ्यावी? मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, १८-१९ मिलिमीटरचा प्लाय हेच काम असेल तर १६५ मिलिमीटरची ब्रशलेस करवत, आणि दहा सेलांच्या, ४ किंवा ५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. मकिताची डीएचएस ६८० या कामाला मला सगळ्यात योग्य वाटते. बॉशच्या जीकेएस १८ व्ही-५७ या नावातला ५७ म्हणजे कापाची खोली, ती तेवढीच. पण ज्या कंपनीचं ड्रिल आधीच घरात आहे तिचीच करवत घेणं बहुतेकदा शहाणपणाचं, कारण निम्मा खर्च बॅटऱ्यांचा असतो. सरासरी ५०० वॉट धरले तर ९० वॉट-तासांत जवळपास ११ मिनिटं सलग कापून होतं; मिनिटाला तीन मीटरने आठ फुटी तेरा काप. दिवसाला प्लायच्या तीस शीट कापायच्या असतील आणि हाताशी प्लग असेल, तर बॉशच्या जीकेएस १९० सारखी १४०० वॉटची वायरची करवत घ्या. ती कमी पैशांत ७० मिलिमीटर खोल कापते. तीन इंची चौकटीला मात्र तीही एका कापात पुरत नाही, फळी उलटून दुसऱ्या बाजूने कापावं लागतं.

अमेरिकेतून नातेवाइकांकडून मशीन मागवत असाल तर चार्जरवरचं बारीक अक्षर वाचून घ्या. तिथले बरेच चार्जर १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० ला लावताच जळतात. शिवाय १०० वॉट-तासांच्या वरची बॅटरी विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते. ५ अँपिअर-तासांची चालते, ६ ची १०८ भरते. सुट्टी बॅटरी केबिनच्या बॅगेतच ठेवायची. पात्याचं मधलं भोकही बघा, तिकडे बहुधा १५.८८ मिलिमीटरचं असतं, आपल्याकडच्या या मापाच्या पात्यांना २० चं.

पैसे देण्याआधी बॅटरी काढा, खालचं झाकण वर धरा आणि बेस प्लेटच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा, आधी पुढच्या दात्याशी, मग पातं अर्धा फेरा फिरवून तोच दाता मागे आणून. दाता तोच ठेवायचा, म्हणजे पात्याचा वाकडेपणा मापात येत नाही. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं तिरकं चालणार, मागचे दाते कापाची एक बाजू घासणार आणि प्लायवर काळी रेघ उमटणार. मग बॅटरी लावून मशीन चालू करा, ट्रिगर सोडा आणि पातं थांबेपर्यंत सेकंद मोजा. ब्रेक असलेल्या मशीनचं पातं दोन-तीन सेकंदांत थांबतं. ते नुसतं फिरत राहिलं तर दुसरं मशीन दाखवायला सांगा.