जपानी धातुदागिने : कारागीर व काळ यांची ओळख

वारशाने आलेला जपानी धातुकामाचा दागिना कोणी व केव्हा घडवला हे ठरवताना दर्शनी नक्षीपेक्षा त्याची पाठ अधिक उपयोगी पडते. पारंपरिक जपानी वेशात ब्रूचला स्थान नव्हते. केसांतील कान्झाशी, ओबी या कमरपट्ट्यावर दोरीत ओवून लावायचा ओबिदोमे हा अलंकार आणि तलवारीचा साज ही तेथील धातुकारागिरांची कामे होती. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आल्यावर साज घडवणारे अनेक कारागीर पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी शोभेच्या वस्तू व दागिने करू लागले. जुन्या साजाचे तुकडेही ब्रूच म्हणून वापरात आले. म्हणून पिन मूळचीच आहे की मागाहून झाळली आहे, तसेच दोरी ओवण्याची कडी काढल्याच्या खुणा दिसतात का, हे आधी तपासावे. नक्षीकाम पिनेपेक्षा कितीतरी जुने असू शकते.

धातूही माहिती देतो. शाकुदो या मिश्रधातूत तांब्याबरोबर साधारण ३ ते ५ टक्के सोने असते, तर तांबे व चांदीच्या ‘शिबुइची’ या मिश्रधातूच्या नावाचाच अर्थ चौथा हिस्सा, म्हणजे चांदीचा, असा आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण बदलते. शाकुदोचा निळसर काळा रंग हा वरून दिलेला लेप नसून द्रावणात उकळून पृष्ठभागावर आणलेला असतो. हौसेने घासूनपुसून चकचकीत केलेल्या दागिन्याचे यामुळे कायमचे नुकसान होते.

नुनोमे-झोगान पद्धतीत लोखंडावर कापडाच्या विणीसारख्या बारीक रेघा कोरून त्यांत सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठोकून बसवतात. क्योटोचे कोमाई घराणे यासाठी प्रसिद्ध असून ओतोजिरो कोमाई (१८४२–१९१७) हे त्यातील प्रमुख नाव होय. मात्र कोरलेली सही, म्हणजे ‘मेई’, हा एकटाच पुरावा धरता येत नाही: ती कार्यशाळेची असू शकते, आणि नामवंतांच्या खोट्या सह्यांना जपानमध्ये ‘गिमेई’ असा स्वतंत्र शब्दच आहे.

काळासाठी रोमन लिपीतील छाप पाहावा. अमेरिकेच्या आयात-कायद्यामुळे १८९१ पासून ‘निप्पॉन’ (जपानचे जपानी नाव) आणि १९२१ नंतर ‘जपान’ असा उल्लेख रूढ झाला. ‘ऑक्युपाइड जपान’ हा छाप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या, दोस्त राष्ट्रांच्या ताब्याच्या काळातला. छाप नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण पर्यटकांनी जपानमध्येच विकत घेतलेल्या वस्तूंवर त्याची गरज नव्हती. राष्ट्रध्वज व चौकटीतील शुद्धतेचा आकडा असलेली जपानी टांकसाळीची मोहर १९२९ मध्ये सुरू झाली. ती ऐच्छिक असल्याने तिच्यावरून एवढेच निश्चित होते की दागिना त्यापूर्वी तपासला गेलेला नाही.