हात लावून बघ

अडलेलं गणित सुटलं की डोक्यात प्रकाश पडतो. फसवणूक लक्षात आली की डोळे उघडतात. खरी गोष्ट दडवणारा आपल्याला अंधारात ठेवतो, आणि विचारपूर्वक ठेवलेल्या श्रद्धेला आपण डोळस म्हणतो. पुस्तक छापून लोकांसमोर आणणं म्हणजे तर प्रकाशनच. एकोणिसाव्या शतकात नवं ज्ञान मराठीत आणण्यासाठी निघालेल्या नियतकालिकांची नावंच पाहा: १८४१चं ‘प्रभाकर’, १८४२चं ‘ज्ञानोदय’, १८४९चं ‘ज्ञानप्रकाश’. सगळीकडे उजेडच.

समजण्याला पाहण्याशी जोडायची ही ओढ फार जुनी आहे. विद्या, विद्वान, वेद हे शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूचे. त्याचंच भावंड असलेलं लॅटिन क्रियापद ‘विदेओ’ म्हणजे ‘मी पाहतो’. ग्रीक ‘ओइदा’चा अर्थ ‘मला माहीत आहे’, पण मूळ घडणीत तो ‘मी पाहिलेलं आहे’ असा. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलं की अशी रूपकं केवळ भाषेचा अलंकार नसतात, आपला विचारच त्यांच्या आधारानं चालतो. समजणं हाताला लागत नाही, म्हणून मन ते पाहण्याच्या अनुभवावर बेतून घेतं.

मात्र सगळ्या जगानं त्यासाठी डोळाच निवडलेला नाही. निकोलस एव्हान्स आणि डेव्हिड विल्किन्स या भाषाशास्त्रज्ञांनी २००० साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे जाणणं, विचार करणं यांसाठीचे शब्द वारंवार ऐकण्यातून आलेले दिसतात. पित्जंत्जत्जारा भाषेतलं ‘कुलिनी’ हे क्रियापद ऐकणं, विचार करणं आणि समजणं ही तिन्ही कामं करतं. आपल्याला यात नवल वाटू नये. श्रुती आणि बहुश्रुत हे शब्द आपल्याकडेही आहेतच, कारण कानांनी शिकायची परंपरा इथेही मोठी होती.

आता जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो असा: जन्मापासून दिसत नसलेला माणूस ‘बघ’, ‘चमकतं’, ‘अंधार’ हे शब्द वापरतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं? १९३०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस कट्सफोर्थ यांनी याला पोकळ शब्दवापर ठरवलं. त्यांची स्वतःची दृष्टी लहानपणी गेली होती. अंध मुलं अनुभव नसलेले शब्द नुसते घोकतात, असं त्यांचं म्हणणं. ते अंधांच्या शिक्षणात बराच काळ मुरलं, आणि त्यानं नुकसान केलं असं मला ठामपणे वाटतं.

१९८५ मध्ये बार्बरा लँडाउ आणि लीला ग्लाइटमन या मानसशास्त्रज्ञांनी या समजाला सुरुंग लावला. त्यांनी एका अंध मुलीची भाषा बारकाईनं तपासली. तीनेक वर्षांच्या या मुलीला ‘वर बघ’ सांगितलं की ती हात वर करून चाचपायची. डोळे बांधलेल्या डोळस मुलांनी मात्र तेच ऐकून मान वर केली. ‘हात लाव, पण बघू नकोस’ म्हटल्यावर ती वस्तूला नुसता स्पर्श करून थांबायची. मग ‘आता बघ’ म्हटलं की तीच वस्तू हातांनी फिरवून, कडा चाचपून नीट तपासायची. म्हणजे बघणं आणि हात लावणं यांतला फरक तिला स्वच्छ कळत होता. याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. इतरांचं बघणं वेगळं असतं, हेही तिला ठाऊक होतं. आईला खेळण्यातली गाडी दिसू देऊ नकोस म्हटल्यावर तिनं ती खिशात टाकली. आईला दाखव म्हटलं तर ती लांबूनच उंच धरायची, आणि हात लावू दे म्हटलं तर जवळ जायची.

मराठी माणसाला हे चटकन पटावं. चव घेऊन बघ, वास घेऊन बघ, ऐकून बघ, हात लावून बघ, फोन करून बघ, असं आपण दिवसभर बोलतो. यांतल्या ‘बघ’ला डोळ्यांची गरजच नसते. स्वतः अनुभव घेऊन खात्री कर, इतकाच त्याचा अर्थ. ती मुलगी इंग्रजीतून नेमकं हेच करत होती. म्हणून अंध मित्रासमोर ‘बघ ना’ तोंडातून गेलं म्हणून ओशाळायचं कारण नाही.

उजेडाच्या शब्दांचं काय? ते तर हातानं चाचपता येत नाहीत. मरीना बेडनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जन्मांध आणि डोळस प्रौढांना इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या देऊन अर्थ किती जवळचे आहेत ते विचारलं. दोन्ही गटांची उत्तरं विलक्षण जुळली. मराठीत सांगायचं तर मिणमिणणं मंद आणि लखलखणं प्रखर, तेवणं स्थिर आणि लुकलुकणं थांबत थांबत, असे बारीक फरक दोघांनाही ठाऊक असतात. रंगांबाबत चित्र वेगळं आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात प्राण्यांचा आकार आणि आकारमान यांवर दोन्ही गटांचं बरंच एकमत झालं, रंगांवर मात्र तितकं नाही.

प्रकाश कधीच न पाहता हे ज्ञान येतं कुठून? बरंचसं भाषेतूनच, असं संशोधक मानतात. लोकांच्या बोलण्यात कोणता शब्द कशासोबत येतो, यातून अर्थाचं मोठं जाळं विणलं जातं. जन्मांध माणसांच्या मेंदूत तर याचा ठोस ठसा सापडतो. डोक्याच्या मागच्या बाजूचा जो भाग डोळस माणसांत दृष्टीचं काम करतो, तो त्यांच्यात वाक्यं समजून घेताना सक्रिय होतो. २००४ मध्ये अमीर अमेदी आणि सहकाऱ्यांनी त्याच भागावर बाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन त्याचं काम तेवढ्यापुरतं विस्कळीत केलं. ऐकलेल्या नामाला साजेसं क्रियापद सांगताना अंध सहभागींच्या चुका वाढल्या, आणि त्या मुख्यतः अर्थाच्या होत्या. डोळस सहभागींवर तिथल्या स्पंदनांचा तसा परिणाम झाला नाही.