सरकारी थाळीत भाकर का नाही? खरेदीच्या कागदामागचा इतिहास

शिवभोजन थाळीच्या जीआरमध्ये वजनं लिहिलेली आहेत. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली, जेवणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे, आणि थाळीचा दर शहरात ५० अन् गावाकडं ३५ धरून मधला फरक सरकारनं केंद्रचालकाला द्यायचा. योजना चांगलीच आहे. पण परभणी काय अन् लातूर काय, शेजारच्या खानावळीत लोक पिठलं-भाकर मागून खातात आणि सरकारी ताटात मात्र चपाती-भात, हे कुणी मुद्दाम ठरवलंय असं नाही, पण ते झालंय कसं हे बघायला बरंच मागं जावं लागतं.

साठच्या दशकात महाराष्ट्र सरकार ज्वारीची एकाधिकार खरेदी करत होतं, म्हणजे सरकारी खरेदीत ज्वारी कधीच नव्हती असं नाही. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामावर सुकडी (मजुरांना वाटायचं कोरडं खाणं) मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी, मिलो. आमची आज्जी मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची, "भाकर लाल व्हायची अन् चव म्हणशील तर मातीची." त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि पुढं तिथनं परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती असे ज्वारीचे वाण आले. बियाणं सुधारत गेलं, पण घेणारा काही सुधारला नाही, कारण १९६५ ला फूड कॉर्पोरेशन, म्हणजे केंद्राची धान्य खरेदी करणारी संस्था, आल्यापासून सरकारची खात्रीची खरेदी म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ, तेच गोदामात, तेच रेशनवर, अन् तेच शाळेत.

शाळेचं तर स्पष्टच दिसतं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहार योजना आली, तेव्हा आपल्याकडं पोराला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी द्यायचे, हजेरी ८० टक्के असली तर. २००१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं द्या. मग खिचडी आली. खिचडी का? तर फुकट मिळणारं धान्य तांदूळच होतं.

याच केसमध्ये कोर्टानं दोन गोष्टी अशा सांगितल्या ज्यांची चर्चा फार होत नाही. एप्रिल २००४ मध्ये, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. आणि त्याच ऑक्टोबरात, अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडनं करून घ्या. म्हणजे काय खरेदी करायचं एवढंच नाही, तर कुणाच्या हातनं शिजलेलं घ्यायचं, हा प्रश्न तेव्हाच टेबलावर आला होता. पण टेंडरच्या अटी वेगळ्या दारानं आत येतात. २०१६ ला महाराष्ट्रानं अंगणवाडी आहाराचं जे टेंडर काढलं त्यातल्या टर्नओव्हरसारख्या अटींमुळं लहान बचत गट बाहेर पडले, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते टेंडर रद्द केलं.

शहरात तर सेंट्रल किचन, म्हणजे बऱ्याच शाळांचं जेवण एकाच मोठ्या स्वयंपाकघरात, आल्यापासून हा खेळ अजून अवघड झालाय. आमच्या ओळखीतल्या एका गटानं शाळांच्या आहाराचं टेंडर भरायचं ठरवलं, कागद बघितले, तीन वर्षांचा टर्नओव्हर, ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत), किचनची जागा एवढी, गाड्या एवढ्या. गटातल्या अक्का म्हणल्या, "आमाला दोनशे लेकरांची खिचडी करता येती, पण ते बॅलन्सशीट कुठं शिजवाव?" अन् त्यातनं जे आत शिरतात त्यांच्यातही शेवटी एल-वन, म्हणजे ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला काम. तूर लातूरच्या मोंढ्यातली का बाहेरून आयात झालेली, शिजवणारीला किती मिळाले, याला एल-वनमध्ये रकानाच नाही.

बाहेरच्या शहरांनी हा रकाना कसा पाडला ते बघण्यासारखं आहे. ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंचीनं १९९३ ला शहराचं वेगळं अन्न खातंच काढलं, स्वस्त जेवणाच्या सरकारी खानावळी उघडल्या (आपल्या शिवभोजनाची थोरली बहीणच म्हणा) आणि आसपासच्या शेतकऱ्यांना शहरात थेट विकायला जागा दिल्या. पुढं २००९ मध्ये ब्राझीलनं कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडनं येणाऱ्या पैशातले निदान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचे. कोपनहेगननं सरकारी स्वयंपाकघरांत ९० टक्के सेंद्रिय माल आणायचं ठरवलं आणि त्यासाठी आचाऱ्यांना शिकवलं, नासाडी कमी केली, मांस कमी अन् भाज्या जास्त केल्या. लॉस एंजेलिसनं २०१२ ला खरेदीला पाच कसोट्या लावल्या: स्थानिक अर्थव्यवस्था, पर्यावरण, मजुरांशी वागणूक, जनावरांचे हाल आणि पोषण. दर बघायचाच, पण दरासोबत हेही बघायचं.

एवढं लांब जायची गरजही नाही म्हणा. शेजारच्या कर्नाटकात उत्तरेला ज्वारी अन् दक्षिणेला नाचणी रेशनवर दिली जाते. ओडिशानं २०१७ ला मिलेट मिशन काढलं, नाचणी सरकारनं विकत घेतली, आणि अंगणवाडीत नाचणीचे लाडू गेले. तेलंगणातल्या जहिराबादकडं, जो आपल्या मराठवाड्यासारखाच निजामाचा मुलूख, तिथं दलित बायकांच्या संघांनी १९९० च्या दशकातच गावात पिकवलेली ज्वारी गावातच वाटायचं स्वतःचं रेशन चालवून दाखवलं.

आपल्याकडं काय झालं तर शेतकरी सोयाबीनकडं आणि उसाकडं गेला. २०२४-२५ ला हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये आणि सोयाबीनचा ४,८९२, मग पेरणार कोण, त्यात काढणीला माणूस मिळत नाही अन् पाखरं राखायची वेगळी. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की दावणीची जनावरं गेली.

मागं एका होस्टेलच्या मेसवाल्याला विचारलं, भाकर का ठेवत नाही, तर तो म्हणाला, "साहेब, चपाती मशीनवर होती. भाकर थापायला बाई लागती, अन् ज्वारीचं पीठ साठवून ठेवलं की कडू पडतंय, चार-आठ दिवसाला दळून आणावं लागतं, दर परवडत नाही." म्हणजे भाकर ठेवायची तर गावातली गिरणी, गावातली ज्वारी आणि थापायला पाच-सहा बाया, हे सगळं धरूनच दर काढावा लागणार. सध्या टेंडरमध्ये दराची जी चौकट असते ती एका ओळीची असते.