तोच उंदीर, पुन्हा पुन्हा: हार्ट फेल्युअरच्या संशोधनात एमआरआय कसा आला

हृदयावरच्या एखाद्या ताज्या शोधनिबंधातला 'पद्धती' हा भाग उघडा. अनेकदा तिथे अशी एक ओळ सापडते: शस्त्रक्रियेनंतर पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात त्याच प्राण्यांचा एमआरआय केला. वाचणारा सहसा तिथे थांबत नाही. त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द 'त्याच' हा आहे, आणि तो लिहिता यावा म्हणून भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि सुईएवढ्या नळ्या हाताळणारे शल्यविशारद यांची काही दशकं खर्ची पडली.

आधी एक भाषेची अडचण. मराठीत रॅट काय आणि माउस काय, दोघेही उंदीरच. प्रयोगशाळेत मात्र ही दोन वेगळी जगं आहेत. रॅट तीनशे ग्रॅमच्या आसपासचा, तर माउस पंचवीस-तीस ग्रॅमचा. पुढची अर्धी गोष्ट या फरकावरच चालते, म्हणून इथे तेच शब्द वापरतो.

दुसरी अडचण 'हार्ट फेल्युअर' या नावाची. ऐकणाऱ्याला वाटतं, हृदय बंद पडलं. तसं नसतं. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला झेपेनासं होतं. हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा एक तुकडा मरतो. मग उरलेला निरोगी भाग जास्तीचं काम ओढतो, डावी जवनिका म्हणजे मुख्य पंपाचा कप्पा हळूहळू फुगत जातो, त्याची भिंत ताणली जाते आणि महिन्या-वर्षांनी माणसाला जिना चढताना धाप लागते. हा आजार घटनेसारखा एका दिवसात उरकत नाही, तो घडत जातो. आणि घडत जाणारी गोष्ट अभ्यासायची तर ती घडताना पाहावी लागते.

जुन्या प्रयोगांचं घोडं इथेच अडत होतं. लहान प्राण्याच्या हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बांधून कृत्रिम हार्ट अटॅक घडवण्याची रीत १९५४ साली जॉन्स आणि ओल्सन यांनी मांडली. १९७९ मध्ये मार्क आणि जॅनिस फेफर या अमेरिकी दांपत्याने सहकाऱ्यांसोबत ती रॅटमध्ये नेटकेपणाने वापरली आणि स्नायूचा जितका भाग मेला तितकी पंपशक्ती घटते, हे मोजून दाखवलं. १९८५ मध्ये त्यांनी अशाच रॅटना कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध दिलं आणि कप्प्याचं फुगणं आवरलं जातं असं दिसलं. पुढे हाच विचार माणसांवर तपासला गेला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि पंपशक्ती घटलेल्या २,२३१ रुग्णांच्या चाचणीचा निकाल १९९२ मध्ये आला: कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू १९ टक्क्यांनी कमी. रॅटपासून रुग्णापर्यंतचा इतका सरळ रस्ता वैद्यकात क्वचितच सापडतो.

पण ते आकडे मिळायचे कसे, ते पाहा. कप्प्यात किती दाबाला किती द्रव मावतो, हे मोजायला हृदय बाहेर काढावं लागे. मेलेला भाग किती, हे कळायला त्याच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवाव्या लागत. म्हणजे एक रॅट, एक वेळ, एक आकडा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात काय होतं हे हवं असेल तर तीन वेगळ्या तुकड्या लागणार. त्यात टाका मिलिमीटरभर इकडे-तिकडे पडला की मरणारा भाग बदलतो, त्यामुळे मुळात एक रॅट दुसऱ्यासारखा नसतोच. काळाने पडलेला फरक कुठला आणि टाक्याने पडलेला कुठला, हे वेगळं करता करता प्राण्यांची संख्या वाढत जाई.

आता दुसरा धागा. १९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे एनएमआर दाखवलं: प्रबळ चुंबकात ठेवलेली अणुकेंद्रकं ठरावीक वारंवारितेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. दोघांना १९५२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमधूनच १९५१ मध्ये अल्कोहोलचे तीन वेगवेगळे संकेत दाखवणारा गाजलेला शोधनिबंध निघाला. एकाच रेणूतल्या हायड्रोजनच्या जागा त्यामुळे ओळखता येऊ लागल्या. त्याच्या तीन लेखकांपैकी एक एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम त्यांनीच उभं केलं. हृदयाशी याचा थेट संबंध नाही, पण या तंत्राचा इतिहास सांगताना कुलाब्याचा उल्लेख सहसा राहून जातो, म्हणून इथे केला.

रसायनशास्त्राच्या या यंत्राचं चित्र काढणारं यंत्र, म्हणजेच पुढचा एमआरआय, झालं ते १९७३ मध्ये. चुंबकीय क्षेत्र जागोजागी किंचित कमी-जास्त ठेवलं तर कुठला संकेत कुठून आला ते कळतं, हे पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र काढून दाखवलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जिम हचिसन आणि जॉन मॅलर्ड यांच्या गटाने एका मेलेल्या माउसचं चित्र मिळवलं. तो मेलेला होता हे इथे मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण चित्र काढायला इतका वेळ लागे की हलणाऱ्या वस्तूचा विचारच नको. आणि हृदय तर हलण्यासाठीच असतं. नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये अतिवेगवान चित्रणाची कल्पना मांडली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाने जिवंत सशाचं धडधडणारं हृदय चलच्चित्रासारखं टिपलं. चित्र धूसर होतं. तरी हलणारं हृदय चुंबकातून दिसू शकतं का, हा प्रश्न तिथे मिटला. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये वैद्यकाचं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे, आजारी हृदयाकडे चुंबकातून पाहण्याची सुरुवात चित्राने झालीच नाही. ती झाली फॉस्फरसने. ऑक्सफर्डला जॉर्ज रॅडा यांच्या गटाने १९७४ मध्ये रॅटच्या पायाच्या ताज्या स्नायूतून फॉस्फरसचा संकेत घेतला. चित्राऐवजी तो आलेखावरच्या शिखरांच्या रूपात दिसतो. पेशीचं चलन असलेला एटीपी आणि अडीअडचणीसाठी ठेवलेला साठा असलेला क्रिएटिन फॉस्फेट, दोन्ही स्नायू न चिरता त्यात ओळखू येत होते. १९७७ च्या सुमाराला ऑक्सफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्स या दोन्ही ठिकाणी काचेच्या नळीत धडधडणाऱ्या रॅटच्या हृदयाचं असंच मोजमाप झालं. शरीराबाहेर काढलेलं हृदय उलट दिशेने द्रव सोडून चालू ठेवण्याची ही युक्ती जर्मनीच्या ऑस्कर लांगेनडॉर्फ यांची, १८९५ सालची. ऐंशी वर्षांचं जुनं उपकरण आणि नवं चुंबक यांची सोयरीक छान जमली. निकामी होत चाललेल्या हृदयात क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आधी घटतो, हे या वाटेने पक्कं होत गेलं. १९९७ मध्ये श्टेफान नॉयबाउअर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांमध्ये दाखवलं की एटीपीच्या तुलनेत क्रिएटिन फॉस्फेट जितकं कमी, तितका मृत्यूचा धोका जास्त. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. चित्रं डोळ्यांत भरतात, आलेखाची शिखरं भरत नाहीत.

मग आला माउस. १९८० च्या दशकाच्या अखेरीला ठरवून एखादं जनुक बंद केलेले माउस तयार करता येऊ लागले आणि हृदयाच्या संशोधकांचं लक्ष कुत्रा आणि रॅट सोडून तिकडे वळलं. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोला हॉवर्ड रॉकमन आणि सहकाऱ्यांनी माउसच्या महाधमनीला २७ गेजच्या बारीक सुईसह दोरा आवळला आणि मग सुई काढून घेतली. उरलेल्या अरुंद वाटेतून रक्त ढकलताना हृदय आधी जाड होतं, कालांतराने थकतं. उच्च रक्तदाबाच्या हृदयाची ही नक्कल आजही जगभर वापरात आहे. १९९७ मध्ये स्नायूतल्या एका प्रथिनाचं जनुक काढलेला आणि आपोआप हृदय फुगणारा माउसही आला.

आजार तयार होता, मोजायचं साधन नव्हतं. माउसचं हृदय दशांश ग्रॅमच्या जरासं वर, भिंत मिलिमीटरभर, ठोके मिनिटाला पाचशे ते सहाशे. एक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. माणसाच्या हृदयाच्या चित्रात एक ठिपका साधारण दीड मिलिमीटर रुंद आणि आठ मिलिमीटर जाड भागाचा असतो. माउससाठी तो दशांश मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड लागतो. गुणाकार करून पाहा: ठिपक्यातला ऐवज जवळजवळ अठराशे पटींनी कमी, आणि संकेत येतो तो या ऐवजातूनच.

वाट निघाली ती अनेक बाजूंनी. दवाखान्यात दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) चुंबक असतं तिथे ७ टेस्लाचं, पुढे ९.४ आणि ११.७ टेस्लाचं चुंबक आलं. प्राण्याच्या छातीला बेताने बसणारी छोटी कॉइल, म्हणजे संकेत पकडणारं तारेचं वेटोळं, आली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर गॉटिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत येन्स फ्राम, आक्सेल हासे आणि मंडळींनी शोधलेलं 'फ्लॅश' हे वेगवान तंत्र होतंच. त्यात ईसीजीशी ताल जुळवून शेकडो ठोक्यांमधून एकच ठोका तुकड्यातुकड्याने जमवायचा. हासे पुढे वुर्झबुर्गला गेले, आणि १९९८ मध्ये तिथल्या गटाने ७ टेस्लावर माउसच्या डाव्या जवनिकेचं वजन आणि आकारमान मोजून दाखवलं. चित्रावरून काढलेलं वजन बरोबर की चूक, हे ठरवायला शेवटी हृदय काढून तराजूवर ठेवलंच. आकडे जुळले. पुढच्या सगळ्या प्रयोगांना प्राणी वाचवण्याची मुभा त्या तराजूने दिली.

कागदावर न दिसणारे त्रास वेगळेच. चुंबकाच्या आत ईसीजीच्या तारा रेडिओलहरी आणि बदलती क्षेत्रं पकडतात, मग ताल चुकतो. टोचायच्या जुन्या भुलीने ठोके एवढे मंदावत की मोजमाप कशाचं हाच प्रश्न पडे, म्हणून हुंगवायच्या आयसोफ्लुरेनची भूल रूढ झाली. इवलासा प्राणी पाहता पाहता गार पडतो, आणि गार पडला की हृदय संथ होतं. म्हणून खालून गरम पाण्याची किंवा बाजूने उबदार हवेची सोय. चुंबकावर कोट्यवधी खर्च केलेल्या प्रयोगाचा निकाल शेवटी अंथरुणाच्या उबेवरही अवलंबून असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, सोनोग्राफी आहे की? आहे, आणि आजही प्राण्यांवरचा सर्वाधिक वापर तिचाच. ती स्वस्त आणि झटपट. पण तिची सर्वांत साधी रीत कप्प्याच्या एका रेषेवरून सगळा आकार गृहीत धरते. हार्ट अटॅकनंतर एक भिंत पातळ होऊन बाहेर फुगलेली आणि समोरची धडधाकट असेल तर ते गृहीतक कोसळतं. एमआरआय टोकापासून बुडापर्यंत चकत्या घेतो आणि बेरीज करतो. आकाराबद्दल त्याला काहीच मानून चालावं लागत नाही. २००१-०२ च्या सुमाराला वुर्झबुर्गहून रॅटमध्ये आणि व्हर्जिनिया विद्यापीठातून माउसमध्ये हार्ट अटॅकनंतरची अशी क्रमवार मोजमापं आली. तोच प्राणी, पुन्हा पुन्हा. प्रत्येक प्राणी आता स्वतःच स्वतःची तुलना झाला.

त्याच सुमारास मोठ्या प्राण्यांवर आणखी एक गोष्ट ठरली. चित्र उजळ करण्यासाठी शिरेतून टोचलेलं गॅडोलिनियम या धातूचं औषध जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण फुटलेलं असतं आणि जुन्या व्रणात तंतूंमधली मोकळी जागा जास्त असते. दोन्ही ठिकाणी ते साचतं आणि दहा-वीस मिनिटांनी तो भाग चित्रात पांढराशुभ्र दिसतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेमंड किम, रॉबर्ट जड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कुत्र्यांच्या हृदयात हा पांढरा भाग आणि कापून रंगवलेल्या चकत्यांमधला मेलेला भाग शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही जुळले. २००० मध्ये हीच पद्धत रुग्णांवर वापरली गेली: बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर स्नायूचा कुठला भाग सुधारेल, हे आधी सांगता येऊ लागलं. आज पुण्या-मुंबईत कार्डियाक एमआरआयच्या रिपोर्टवर 'एलजीई' (लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट) ही तीन अक्षरं दिसतात, ती हीच.

नंतरच्या तंत्रांपैकी एकच सांगतो. २००३ मध्ये डेन्मार्कच्या यान आर्डेनकेअर-लार्सन आणि सहकाऱ्यांनी अतिशीत तापमानात कार्बनच्या केंद्रकांचा संकेत दहा हजार पटींहून अधिक वाढवण्याची रीत दाखवली. असा पायरुवेट, म्हणजे साखरेपासून पेशीत बनणारा पदार्थ, टोचला की हृदय त्याचं काय करतं, जाळतं की लॅक्टेट बनवतं, ते मिनिटभरात दिसतं. २००८ मध्ये ऑक्सफर्डला रॅटमध्ये आणि २०१६ मध्ये टोरांटोला माणसाच्या हृदयात हे झालं. फॉस्फरसचा तो जुना धागा असा परत हाती आला.

आता सगळ्यांना छळणारा प्रकार वेगळा आहे. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत पंपशक्तीचा आकडा चांगलाच येतो. हृदय आकुंचन नीट पावतं, सैल मात्र पडत नाही. हे रुग्ण बहुधा वयस्क, लठ्ठ, मधुमेह आणि रक्तदाब असलेले. तरुण, सडपातळ माउसची धमनी बांधून हा आजार मिळत नाही. २०१९ मध्ये टेक्ससच्या एका गटाने माउसना चरबीयुक्त आहार आणि रक्तदाब वाढवणारं औषध एकत्र देऊन त्याच्या बऱ्याच जवळ जाणारं प्रतिरूप तयार केलं. पण या आजारात धाप लागते ती चालताना, श्रम करताना. चुंबकातला माउस तर भूल घेऊन उबदार गादीवर निपचित पडलेला असतो. म्हणून काही प्रयोगशाळा त्याला डोब्युटामिन हे हृदयाला जोर लावायला लावणारं औषध टोचून हृदय जागच्या जागी पळवतात, आणि पाय न हलवता धावणाऱ्या त्या हृदयाची चित्रं घेतात.